सरळ रेषा आणि चालती वाट : गौलीगुड्यातून मोजलेली अंतरे

दोन शहरांमधील अंतर सांगण्याच्या मुळात दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत जमिनीवरून प्रत्यक्ष किती चालावे लागते ते सांगितले जाते, तर दुसरीत मधले डोंगर, नद्या आणि वळणे बाजूला ठेवून एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंतची सर्वांत जवळची रेषा किती लांब आहे ते काढले जाते. पहिल्याला वाटेचे अंतर आणि दुसऱ्याला सरळ अंतर म्हणता येईल. हैदराबादच्या परिसरातील सरळ अंतरे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतच अत्यंत काटेकोरपणे मोजण्याची सोय झाली. मात्र त्या रेषेवरून माणसाला नेणारे वाहन तेथे यायला आणखी शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि ते आल्यावरही प्रवाशाचा हिशेब वाटेच्या अंतरावरून पूर्णपणे हलला नाही. या दोन मोजमापांमधील ओढाताण एकाच ठिकाणी उभी राहिलेली पाहायची असेल, तर मुसी नदीच्या उत्तर काठावरील, अफजलगंज आणि कोठी यांच्या लगतचा गौलीगुडा हा भाग त्यासाठी योग्य आहे. विमानघर म्हणून ओळखली जाणारी लोखंडी कमान तेथे होती आणि तिच्या छायेत आठ दशकांहून अधिक काळ सरकारी बसगाड्या उभ्या राहत होत्या.

या भागाची मराठी ओळखही जुनी आहे. गुलबर्ग्याहून हैदराबादला आलेले वकील केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभी केलेली विवेकवर्धिनी शिक्षणसंस्था याच परिसरात, जांबागेच्या बाजूला आहे. मराठी ग्रंथसंग्रहालयाचा इसामिया बाजारही हाकेच्या अंतरावर आहे. नांदेड, परभणी, लातूर, उस्मानाबाद येथून शिक्षणासाठी, कोर्टकचेरीसाठी वा नोकरीसाठी राजधानीत येणाऱ्या माणसाचे पाऊल बहुधा याच आसपास टेकत असे, त्यामुळे मराठवाड्याच्या कित्येक पिढ्यांच्या मनात हैदराबादचे अंतर म्हणजे गौलीगुड्यापर्यंतचे अंतर असे समीकरण बसले होते.

वाटेच्या अंतराचे जुने माप कोस. भास्कराचार्यांनी लीलावतीत दिलेल्या कोष्टकानुसार आठ यवांचे (म्हणजे जवाच्या दाण्याच्या आठ रुंदींचे) एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा एक हात, चार हातांचा एक दंड, दोन हजार दंडांचा एक कोस आणि चार कोसांचे एक योजन होते. हात दीड फुटाचा धरला तर हा कोस बारा हजार फुटांचा, म्हणजे सव्वादोन मैलांचा किंवा साडेतीन किलोमीटरांहून थोडा जास्त भरतो. अकबराच्या काळात पन्नास गजांची एक तनाब आणि शंभर तनाबांचा एक कोस ठरवण्यात आला. इलाही गज तेहतीस इंचांचा धरल्यास हा बादशाही कोस चार किलोमीटरांच्या पुढे जातो. दख्खनेत मात्र व्यवहारात साधारण दोन मैलांचा कोस चालत असे, आणि तोही मुलखामुलखात कमीजास्त होई. कोष्टकातला कोस आणि रस्त्यावरचा कोस यांची गाठ क्वचितच पडत असल्यामुळे, सतराव्या शतकात सुरतेहून औरंगाबाद, नांदेडमार्गे गोवळकोंड्याला गेलेल्या झाँ-बाप्तिस्त ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने टप्प्याटप्प्याची अंतरे कोसांत लिहून ठेवली असली, तरी ती जोडून नकाशा काढू पाहणाऱ्याची पुढे पंचाईतच होणार होती. वाटसरूला त्याची अडचण नव्हती. त्याला कोसांपेक्षा मजल महत्त्वाची होती, म्हणजे माणसे, जनावरे आणि सामान यांच्यासह एका दिवसात कापता येईल आणि जिच्या शेवटी पाणी, दाणावैरण व निवारा मिळेल एवढी वाट. मजल हे दिसायला अंतराचे माप असले तरी आतून ते वेळेचे माप आहे, आणि चढ, चिखल, नदीचा उतार या सगळ्यांचा हिशेब त्यात आपोआप धरला जातो. विमान कंपन्यांना आज हवामान, धावपट्टीवरील खोळंबा आणि गर्दी यांची बेरीज करून जे वेळापत्रक बसवावे लागते, त्याची जात कोसापेक्षा मजलेशी अधिक जुळते.

पेशव्यांच्या दप्तरात ही वेळेची मोजणी फार जवळून पाहता येते. हैदराबादला मराठी कागदपत्रांत सर्रास भागानगर म्हटले आहे. तेथील निजामाच्या दरबारी अठराव्या शतकाच्या अखेरीस पुणे दरबारचे वकील म्हणून गोविंदराव कृष्ण काळे होते. त्यांची नाना फडणविसांशी चाललेली पत्रे जासूद नेत असत. जासूद सहसा जोडीने धाडले जात आणि अशा जोडीला जासूदजोडी म्हणत. एकाला ताप आला, काटा मोडला किंवा चोरांनी गाठले तरी दुसरा पुढे जाऊ शके. पत्र कोणत्या चंद्रतिथीला रवाना झाले ते लिहिणारा नोंदवी, आणि ज्याच्या हाती ते पडे तो त्यावर पैवस्तीची, म्हणजे पत्र पोहोचल्याची, तारीख टाकी. या दोन तारखांमधले दिवस हेच त्या ऋतूतले, त्या राजकीय परिस्थितीतले पुणे-भागानगर अंतर होय. पावसाळ्यात भीमा आणि तिच्या उपनद्या भरल्या की तेच अंतर वाढे, आणि १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या तेव्हा पत्राला रस्ता कोणाच्या चौकीतून जातो यावर ते अवलंबून राही. इतिहासाच्या अभ्यासकांनी पैवस्तीच्या शेऱ्यांचा उपयोग प्रामुख्याने पत्रांचा क्रम लावण्यासाठी केला आहे. वेगाच्या इतिहासाचे साधन म्हणून त्यांच्याकडे जेवढे पाहायला हवे होते तेवढे पाहिले गेलेले नाही.

याच सुमारास कंपनी सरकारच्या नकाशाकारांना वाटेचे अंतर पुरेनासे झाले. जेम्स रेनेल याने १७८० च्या दशकात हिंदुस्थानचा नकाशा तयार करताना फौजांच्या कूच-नोंदी आणि प्रवाशांनी सांगितलेले कोस घेतले, वाटेच्या वळणांसाठी त्यातून ठरावीक वजावट केली आणि उरलेले अंतर सरळ रेषा म्हणून कागदावर मांडले. ही पद्धत अंदाजाची होती आणि रेनेलला त्याची जाणीवही होती. हा अंदाज मोडून काढण्याचे काम विल्यम लॅम्ब्टन या लष्करी अधिकाऱ्याने हाती घेतले. १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळील सेंट थॉमस माउंट येथे त्याने जमिनीवर सुमारे साडेसात मैलांची एक रेषा शंभर फुटी पोलादी साखळीने मोजली. या रेषेला पायारेषा म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीकडे पाहून कोन मोजले की, एक बाजू आणि दोन कोन माहीत असलेल्या त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. मग त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण उभा राहतो आणि त्रिकोणांची ही साखळी शेकडो मैल चालवता येते. कोन मोजण्याचे यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचे होते. या पद्धतीचे मर्म असे की सर्वेक्षकाला दोन टेकड्यांमधली वाट चालावी लागत नाही. नजर पोहोचली की रेषा पोहोचते. सरळ अंतराला दख्खनेत गणिती अस्तित्व मिळाले ते या कामामुळे.

लॅम्ब्टनच्या मुख्य साखळीचा कणा असलेले ७८ अंश पूर्व रेखावृत्त चारमिनारच्या पश्चिमेला सुमारे पन्नास किलोमीटरांवरून जाते, त्यामुळे निजामाचे राज्य या कामाच्या मध्यावर आले आणि हैदराबाद हे काही वर्षे त्याचे मुख्य ठाणे बनले. १८१५ साली बिदर प्रांतात दामरगिद्द्याजवळ आणखी एक पायारेषा मोजण्यात आली. दक्षिणेकडून गणिताने आलेली लांबी आणि तेथे साखळीने मोजलेली लांबी यांचा पडताळा घेणे हा तिचा उद्देश होता. कन्याकुमारीच्या परिसरापासून येथपर्यंत जवळपास दहा अंशांचा वक्र मोजला गेल्यामुळे, पृथ्वीवरील एका अंशाची लांबी निरनिराळ्या अक्षांशांवर किती भरते हे ठरवता आले. १८१८ साली या कामाला महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण असे अधिकृत नाव मिळाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्ज एव्हरेस्ट लॅम्ब्टनचा साहाय्यक म्हणून हैदराबादला पोहोचला. पावसाने धूळ बसल्यावर हवा स्वच्छ होते आणि दूरचे निशाण नीट दिसते, म्हणून ऐन पावसाळ्यात काम करण्याची लॅम्ब्टनची रीत होती. कृष्णा आणि गोदावरी यांच्यामधील जंगलात हीच रीत एव्हरेस्टला आणि त्याच्या माणसांना भोवली, तापाने पथक कोलमडले आणि रुग्णांना हैदराबादला परत आणावे लागले. लॅम्ब्टन स्वतः १८२३ च्या जानेवारीत नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. हिंगणघाटच्या बाहेर ती फारशी कोणाला ठाऊक नाही, याचे नवल वाटावे.

या मोजणीचा सामान्य माणसाला दिसणारा अवशेष नागपुरात आहे. तेथील झीरो माइल या नावाने प्रसिद्ध असलेल्या दगडी स्तंभावर भोवतालच्या ठिकाणांची मैलांतील अंतरे कोरलेली असून त्यांत हैदराबादपुढे ३१८ मैल असा आकडा आहे. हा स्तंभ म्हणजे भारताचा भौगोलिक मध्यबिंदू आणि देशातील सर्व अंतरांचा आरंभ, ही समजूत लोकप्रिय असली तरी तिला आधार नाही. त्याच्या शेजारचा १९०७ चा छोटा दगड हे समुद्रसपाटीपासूनची उंची मोजण्याचे प्रमाणचिन्ह आहे, आणि स्तंभावरचे मैल वाटेचे आहेत. अक्षांश-रेखांशांवरून नागपूर-हैदराबाद सरळ अंतर काढले तर ते सुमारे ४२३ किलोमीटर, म्हणजे २६३ मैल येते. दगडावरचा आकडा त्याहून पंचावन्न मैलांनी मोठा आहे. ज्या सर्वेक्षणाने सरळ रेषा निश्चित केली त्याच्याच नावाशी जोडल्या गेलेल्या दगडावर बैलगाडीच्या वाटेचे अंतर कोरले जावे यात विसंगती दिसते, पण १९०७ साली नागपूरहून हैदराबादला सरळ रेषेत जाणारे कोणी नव्हते, तेव्हा २६३ मैलांचा आकडा कोरून उपयोग तरी कोणाला होता?

रेल्वेने वाटेच्या अंतराला प्रथमच लोखंडी पक्केपणा आणला. मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे १८६० साली सोलापूरला आणि १८७१ साली वाडीमार्गे रायचूरपर्यंत पोहोचली. वाडीपासून सिकंदराबादकडे जाणारा फाटा निजाम सरकारच्या पैशाने १८७४ साली सुरू झाला. हा मार्ग मुंबईहून आग्नेयेला उतरत वाडीपर्यंत जातो आणि मग पुन्हा ईशान्येकडे वळतो, त्यामुळे सरळ रेषेतील सुमारे ६२० किलोमीटरांसाठी रेल्वेला जवळपास ७९० किलोमीटर धावावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेने निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद यांना जोडत मनमाड गाठले. या बाजूने मुंबई पावणेनऊशे किलोमीटरांच्या आसपास पडते. शिवाय ही वाट मीटरगेजची, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांची, आणि मनमाडच्या पुढची ब्रॉडगेजची असल्यामुळे गाडी बदलणे, वळकट्या-ट्रंका एका फलाटावरून दुसऱ्यावर नेणे आणि जोडगाडी चुकली तर रात्र फलाटावर काढणे हे सारे त्या अंतरात धरावे लागे. गौलीगुड्यापासून जवळच असलेल्या काचीगुडा स्थानकावरून मनमाडला जाणारी अजिंठा एक्सप्रेस १९६० च्या दशकात मीटरगेजवरील वेगवान गाड्यांत गणली जात असे. मनमाडचा हा खोडा १९९० च्या दशकातील रुंदीकरणाने सुटला.

प्रवासाचा वेळ मोजायचा तर दोन्ही टोकांना घड्याळ एकच हवे, हा प्रश्नही रेल्वेनेच उभा केला. सूर्यावरून ठरणारी हैदराबादची स्थानिक वेळ मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे तेवीस मिनिटे पुढे आणि मद्रासच्या वेळेपेक्षा सात मिनिटे मागे असते, कारण रेखांशाच्या प्रत्येक अंशाला चार मिनिटांचा फरक पडतो. १८७० नंतर रेल्वेने देशभर मद्रासची वेळ धरली, १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, आणि मुंबई शहराने मात्र हट्टाने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत चालू ठेवली. या मधल्या काळात मुंबईच्या घड्याळाने निघून हैदराबादच्या घड्याळाने पोहोचणारा प्रवासी प्रत्यक्षात लागला त्यापेक्षा जास्त वेळ मोजत असे आणि परतीच्या वाटेवर तोच प्रवास त्याला लवकर संपल्यासारखा वाटे. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात आज जो गोंधळ आठ-दहा तासांचा होतो, त्याची ही छोटी आवृत्ती.

१९३० साली निजाम सरकारने आपल्या राज्यातील रेल्वे ती चालवणाऱ्या कंपनीकडून विकत घेतली आणि १९३२ च्या जूनमध्ये तिच्याच अखत्यारीत रस्ते वाहतूक विभाग सुरू केला. सत्तावीस गाड्या आणि १६६ कर्मचारी एवढ्यावर सुरू झालेला हा विभाग सरकारी प्रवासी बस वाहतुकीच्या देशातील पहिल्या प्रयोगांपैकी एक होता. गौलीगुड्याचे बसस्थानक या विभागाचे, आणि तेथील अर्धगोल लोखंडी इमारत 'मिसिसिपी हँगर' या नावाने ओळखली जाई. अमेरिकेतील बटलर कंपनीने बनवलेले हे विमानघर निजामाच्या विमानांसाठी १९३० च्या सुमारास आणले गेले आणि पुढे बससाठी दिले गेले, असे परंपरेने सांगितले जाते. मुसीच्या काठावरच्या त्या दाट वस्तीत विमान उतरवायला मोकळे मैदान कोठे होते, याचा खुलासा मात्र ही कथा करत नाही. विमानघर म्हणून बनलेला सांगाडा थेट बससाठीच तेथे उभारला गेला असणे अधिक संभवनीय वाटते. इमारतीचा गुण मात्र निर्विवाद होता. आत एकही खांब नसलेली ती पन्हळी पत्र्यांची कमान पंखांच्या विस्तारासाठी जितकी सोयीची, तितकीच गाडी मागेपुढे घेण्यासाठीही सोयीची होती, आणि म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली. १९५१ साली हा विभाग रेल्वेपासून अलग होऊन हैदराबाद राज्य सरकारकडे गेला, जानेवारी १९५८ मध्ये आंध्र प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळ झाले, १९९४ साली लांब पल्ल्याच्या गाड्या शेजारच्या इमलीबन येथील महात्मा गांधी बसस्थानकात हलल्या आणि जुनी कमान शहर बससाठी राहिली. पत्रे आणि सांगाडा करकरू लागल्याने ती रिकामी करण्यात आली होती. ५ जुलै २०१८ रोजी ती कोसळली तेव्हा प्राणहानी झाली नाही.

बसच्या हिशेबात अंतर टप्प्यांनी चालते. महाराष्ट्रात एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरांचा धरला जातो आणि भाडे टप्प्यागणिक वाढते. सात किलोमीटर गेलेल्या प्रवाशाचे दोन टप्पे होतात. मैलाचे दगड जाऊन १९६० च्या दशकात किलोमीटरचे आले, तरी कंडक्टर आणि प्रवासी यांच्यातला व्यवहार टप्प्याचाच राहिला. कोसाच्या दीडेक पटीचे हे माप सरकारी छापील तक्त्यात बसले असले तरी ते वाटेवरून जन्मलेले आहे.

गौलीगुड्यात बस विभाग सुरू झाला त्याच वर्षी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपालाचे विमान आणले. एका इंजिनाच्या त्या पस मॉथ विमानात सुमारे पंचवीस किलो टपाल होते आणि अहमदाबादला त्याचे पेट्रोल बैलगाडीतून आणण्यात आले होते. मुंबईहून पुढे ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने बेल्लारीला मुक्काम करत मद्रासला नेले. विमानालाही मुक्काम करावा लागत होता, कारण रात्री उडण्याची साधने नव्हती आणि टाकीत पेट्रोल थोडे मावे. म्हणजे सरळ रेषेवरही मजल आलीच. पुढे या मार्गावर बेल्लारीऐवजी हैदराबादचा थांबा आला. शहराचे विमानतळ बेगमपेटला विकसित झाले. १९४५ साली निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज ही कंपनी स्थापन झाली. तिची डकोटा विमाने ताशी पावणेतीनशे किलोमीटरांच्या आसपास वेगाने उडत, त्यामुळे मुंबई-हैदराबाद हे ६२० किलोमीटरांचे सरळ अंतर सव्वादोन तासांत बसू लागले. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ही कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

सरळ रेषेचा सर्वांत उघड राजकीय उपयोग १९४८ साली झाला. हैदराबाद संस्थान चारही बाजूंनी भारतीय प्रदेशाने वेढलेले असताना सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने जुन्या बाँबफेकी विमानांवरून बनवलेल्या लँकास्ट्रियन विमानांतून कराचीहून बिदर आणि वरंगळ येथे रात्रीच्या अंधारात शस्त्रे उतरवली. कराची ते बिदर हे अंतर सरळ रेषेत तेराशे किलोमीटरांहून थोडे जास्त आहे आणि रस्त्याने त्या काळात ते कापणे अशक्य होते. लॅम्ब्टनच्या माणसांनी १८१५ साली ज्या बिदर प्रांतात साखळी पसरली होती, तेथेच ही विमाने उतरली हा योगायोग. वाटेची नाकेबंदी आकाशाला लागू पडत नाही, हे मात्र त्यातून स्पष्ट झाले. पुढच्याच वर्षी, ३० जानेवारी १९४९ पासून, नागपूर हे रात्रीच्या हवाई टपालाचे केंद्र बनले. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास तेथे जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. झीरो माइलच्या शहराला मिळालेला हा मध्यबिंदूचा मान खरा होता, कारण तो वेळेवरून काढलेला होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, तेव्हा अंतराचा प्रश्न हजारो कुटुंबांच्या व्यवहारात उतरला. नांदेडहून हैदराबाद सरळ रेषेत सुमारे २३५ किलोमीटर, तर मुंबई सुमारे ४७० किलोमीटर आहे. राजधानी एका दिवसात दुप्पट दूर गेली. उस्मानिया विद्यापीठ, उच्च न्यायालय, मंत्रालय, नातेवाईक आणि दुकाने यांच्यासाठी आखलेली वाट काचीगुडा आणि गौलीगुड्याकडे जात होती, आणि नव्या राजधानीकडे जाणारी वाट मनमाडला गेज बदलत होती. औरंगाबादला १९५८ साली विद्यापीठ आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले, त्यामागच्या मागण्यांत भावनेइतकाच प्रवासखर्चाचा आणि कामाच्या खाड्याचा भाग होता. मराठवाड्याच्या अनुशेषावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात वाटेच्या अंतराला द्यायला हवी ती जागा अजून मिळालेली नाही, असे म्हणणे भाग आहे.

हवाई अंतर आज कसे काढले जाते हे समजून घेतले म्हणजे लॅम्ब्टनच्या कामाशी त्याचा धागा जुळतो. गोलावरील दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची रेषा ही गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर काढलेल्या वर्तुळाचा भाग असते; त्याला बृहद्वृत्त म्हणतात. सपाट नकाशावर ती वाकडी दिसते. २०२१ साली सुरू झालेल्या हैदराबाद-शिकागो थेट सेवेचे बृहद्वृत्ताने अंतर सुमारे १३,२८० किलोमीटर आहे, आणि ती रेषा पश्चिमेकडे अटलांटिक ओलांडत जाण्याऐवजी उत्तरेला एकोणऐंशी अंश अक्षांशापर्यंत चढते. प्रत्यक्ष मार्ग वाऱ्यांनुसार आणि मोकळ्या आकाशानुसार त्यापासून थोडा सरकतो. विमानशास्त्रात अंतर सागरी मैलांत मोजतात आणि एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर, हा मुळात अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग होता. एका अंशाची लांबी किती हा लॅम्ब्टनचा मूळ प्रश्न होता. त्याच्या आणि स्वतःच्या मापांवरून एव्हरेस्टने १८३० साली पृथ्वीचा जो आकार निश्चित केला, त्यावर भारताचे नकाशे दीर्घकाळ आधारलेले राहिले. नागरी विमान वाहतुकीने १९९८ पासून जगभर एकच उपग्रहाधारित मापपद्धती स्वीकारली. हैदराबादच्या उप्पल भागात भारतीय सर्वेक्षण विभागाची प्रशिक्षणसंस्था आहे, हे या दीर्घ संबंधाला साजेसेच आहे.

एवढी अचूकता हाती असूनही उड्डाणाची छापील वेळ अंतरावरून निघत नाही. विमान उभे असताना चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढल्यापासून पुढच्या शहरात पुन्हा लावेपर्यंतचा काळ ब्लॉक टाइम म्हणून मोजला जातो आणि वेळापत्रकात तोच छापतात. मुंबई-हैदराबाद सेवेत हवेतला वेळ साधारण तासाभराचा असतो, पण छापील वेळ दीड तासाच्या आसपास असते, कारण मुंबईच्या धावपट्टीवरील रांग, उतरण्यापूर्वीच्या घिरट्या आणि जमिनीवरची फिराफिर त्यात गृहीत धरावी लागते. वाराही वर्षभर सारखा वागत नाही. हिवाळ्यात दख्खनेच्या वरच्या हवेत वारे पश्चिमेकडून वाहतात आणि हैदराबादकडे येणाऱ्या विमानाला मदत करतात. पावसाळ्यात तेवढ्याच उंचीवर पूर्वेकडून जोराचे वारे वाहतात आणि मदत परतीच्या विमानाला मिळते. इतक्या जवळच्या मार्गावर हा फरक काही मिनिटांचाच पडतो, लांबच्या मार्गांवर तो तासावर जातो.

२३ मार्च २००८ रोजी नागरी उड्डाणे बेगमपेटहून शमशाबादच्या नव्या विमानतळावर गेली. शहराच्या आत असलेले विमानतळ वीसेक किलोमीटर दक्षिणेला गेल्यामुळे हवेतला तास तसाच राहिला आणि जमिनीवरचा वेळ वाढला. तो कमी करण्यासाठी पुढच्या वर्षी मेहदीपट्टणम ते आरामघर असा साडेअकरा किलोमीटरांचा उन्नत मार्ग बांधून त्याला पी. व्ही. नरसिंह राव यांचे नाव देण्यात आले. गौलीगुड्यातून मुंबईला निघालेल्या माणसाने रस्ता, तपासणी, उड्डाण आणि मुंबईतील शेवटची टॅक्सी यांची बेरीज केली, तर तासाभराच्या उड्डाणाचे पाच-सहा तास सहज होतात. उदगीर, देगलूर किंवा बिलोलीकडे जाणाऱ्याला तर हा प्रश्न पडतच नाही. तो इमलीबनच्या फलाटावर जाऊन आपल्या गाडीची पाटी शोधतो आणि वाटेत किती टप्पे आहेत त्यावर तिकिटाचे पैसे देतो.